पडद्यावरच्या पुढाऱ्याला मतदारसंघ नसतो

२०१९ पासून महाराष्ट्राच्या राजकारणात काहीही घडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: हे तर 'सिंहासन' चित्रपटाच्याही वरताण झालं. देवेंद्र फडणवीसांनी अजित पवारांना शेजारी घेऊन शपथ घेतली तेव्हा ते ऐकू आलं. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरत आणि मग गुवाहाटी गाठते झाले तेव्हाही आलं. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली तोवर ते म्हणायचाही लोकांना कंटाळा आला होता.

या वाक्यात एक छुपं कौतुक असतं. पुढारी किती बेरकी आणि आपण ते ओळखणारे किती हुशार, असं दुहेरी. मला ही तुलनाच फसवी वाटते. खरा पुढारी कादंबरीतल्या पुढाऱ्याच्या पुढे गेला की मागे राहिला, हे मोजताना आपण एकच माप वापरतो, ते म्हणजे कारस्थान. कोणी कोणाला कधी फोडलं आणि कोण कोणाच्या बंगल्यावर मागच्या दाराने गेलं, एवढंच. या मापाने मोजलं तर वास्तव जिंकतंच, कारण वास्तवाला संपादक नसतो. पण राजकारणाचा मोठा भाग या मापात बसतच नाही. तो आपल्या कथा-कादंबऱ्यांत नाही, म्हणून आपल्या डोळ्यांनाही दिसेनासा झाला आहे.

वास्तवाला आपण पटकथेच्या सोयीने कसं वाकवतो त्याचा एक नमुना बघा. २३ नोव्हेंबर २०१९ चा तो शपथविधी इतिहासात 'पहाटेचा' म्हणून गेला. राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली ती पहाटे पावणेसहाच्या सुमारास, पण राजभवनात शपथ झाली तेव्हा आठ वाजत आले होते. नोव्हेंबरअखेरीला मुंबईत त्या वेळी सूर्य उगवून तास होत आलेला असतो. लोक डबे भरून लोकल पकडतात. पण सकाळी आठला कट शिजत नाही, तो पहाटेच शिजायला हवा. म्हणून आपण सगळ्यांनी मिळून तो प्रसंग दोन तास मागे ओढला.

'सिंहासन'बद्दल मला आदर आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन असलेला १९७९ चा हा चित्रपट आजही जुना वाटत नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि श्रीराम लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातला डाव रंगत जातो आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस तो बघत बघत अखेर भान हरपतो. मुख्यमंत्र्यांच्या चेहऱ्यावरची ती थकलेली सावधगिरी खरी आहे. त्या काळातल्या खऱ्या पुढाऱ्यांशी त्यांचं साम्य शोधण्याचा खेळ तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कोणाला जिवाजीरावांत वसंतराव नाईक दिसतात, तर कोणाला आणखी कोणी.

मात्र ही सगळी गोष्ट कुठून दिसते तेही पाहिलं पाहिजे. ती पत्रकाराच्या खुर्चीतून दिसते. साधू स्वतः मुरलेले पत्रकार, तेंडुलकरही वृत्तपत्रांत काम केलेले. मंत्रालयाच्या मजल्यांवर जे कुजबुजलं जातं ते या खुर्चीतून अचूक ऐकू येतं. त्यामुळे राजकारण म्हणजे मंत्रालय, बंगले, आमदार निवास आणि त्यांना जोडणाऱ्या गाड्या, असा नकाशा तयार झाला. साधूंच्या मुंबईत झोपडपट्टी आहे, संप आहे, कामगार पुढारी आहे, तस्करही आहे, हे मान्य. त्यांच्यानंतर ज्यांनी या वाटेवरून चालायचं ठरवलं, त्यांनी मात्र यातलं शहर सोडून दिलं आणि कुजबूज तेवढी उचलली.

आता त्याच दशकातलं खरं राजकारण पाहू. ज्या वर्षी 'सिंहासन' पडद्यावर आला, त्याच वर्षी २६ जानेवारीला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो माणसं जगवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून काढून बीडच्या खडी फोडणाऱ्या बाईला द्यायचं, आणि हे करताना सत्ताधारी व विरोधक दोघांना सोबत ठेवायचं. २००५ मध्ये देशाने जी ग्रामीण रोजगार हमी स्वीकारली, तिचं मूळ इथे आहे. त्या दशकात महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी केलेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट. त्या काळातल्या कुठल्याही गाजलेल्या राजकीय पात्राने असं काही केल्याचं मला आठवत नाही. तिथे दाभाडे मुख्यमंत्री होणार की नाही, हाच प्रश्न आहे.

पागे हे पात्र म्हणून चालणार नाहीत, हे मलाही कळतं. विधान परिषदेचे सभापती, संत साहित्यात रमणारे, हातात कसलं पिस्तूल नाही. पण मग वसंतदादा पाटील? १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळालेला, गोळी खाल्लेला माणूस पुढे मुख्यमंत्री होतो. इथवर कुठलाही लेखक खूश होईल. गोष्ट खरी सुरू होते ती त्यानंतर. शाळेची जेमतेम काही इयत्ता शिकलेले हेच दादा १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देतात. कागदावर हा एक धोरणात्मक निर्णय. प्रत्यक्षात त्याने दोन पिढ्यांचा महाराष्ट्र बदलला. शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला आणि तिथून अमेरिकेला गेली, आणि ज्यांच्या हाती साखर होती त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती शिक्षणसंस्थाही आल्या. आमदारकी गेली तरी संस्था राहते, संस्थेतल्या नोकऱ्या राहतात, प्रवेशासाठी येणारे फोन राहतात. एका सहीने सत्तेचं ठिकाणच बदललं. या सहीवर कादंबरी लिहायला हवी होती. आपण लिहिल्या त्या बंडांवर.

साखरेचा विषय निघालाच आहे तर हिंदूराव धोंडे पाटलांकडे वळू. 'सामना' चित्रपटामधला हा साखरसम्राट मराठी पडद्यावरचा सर्वांत भरीव राजकारणी आहे असं माझं मत, मग कोणी काहीही म्हणो. निळू फुल्यांनी त्याला जी ऐट आणि जी आतली पोकळी दिली तिला तोड नाही. (प्रत्यक्षातले निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडलेले, चळवळींसाठी झोळी फिरवणारे. पडद्यावरच्या पाटलाने त्यांच्यावर जन्मभर केवढा अन्याय केला!) मारुती कांबळेचं काय झालं, हा लागूंच्या मास्तरचा प्रश्न आजही सभांमधून विचारला जातो. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट गेला होता. तिथल्या प्रेक्षकांनाही हिंदूराव कळला असणार, कारण खून दडपणारा धनदांडगा जगात सगळीकडे असतो.

पण साखर कारखान्याच्या चेअरमनची खरी ताकद खुनात नसते. खून ही अगदी शेवटची आणि मूर्खपणाची पायरी. ताकद असते तोडणीच्या कार्यक्रमात. उसाची नोंद कारखान्याकडे असते, ऊसतोड मजुरांची टोळी कधी पाठवायची ते कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. बारा-चौदा महिने झालेला ऊस फडात उभा राहिला, त्याला तुरा आला, की वजन घटायला लागतं. मार्च उलटून उन्हं तापली की नुकसान आणखी वाढतं, टोळीवाले ऊस पेटवून तोडायला बघतात, वर पैसे मागतात. आता समजा, गेल्या पंचवार्षिकला तुम्ही विरोधी पॅनेलचं काम केलंत. तुम्हाला कोणी धमकी देत नाही. चेअरमन लग्नात भेटले की खांद्यावर हातही ठेवतात. फक्त तुमच्या फडात टोळी येत नाही. चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, म्हणतो, साहेब, यादीत नाव आहे, येईल. शेजारच्या बांधापर्यंत येते आणि परत जाते. वर वजनकाट्याची शंका, बिलाचा उशीर. कायदा सांगतो की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळाली पाहिजे. ती कधी मिळते, हे ऊसकऱ्याला विचारा.

यात कोणी मरत नाही, त्यामुळे मास्तर येऊन प्रश्न विचारू शकत नाही. आणि यातच दुसरी बाजूही आहे. याच चेअरमनने बापाच्या आजारपणात दवाखान्याचं बिल कमी करून दिलेलं असतं, मुलीला संस्थेत चिकटवलेलं असतं, दुष्काळात छावणी चालवलेली असते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या सहकाराची घडी बसवली, तिने खरोखर माळरानावर पैसा आणला. माणूस त्याच हाताला घाबरतो आणि त्याच हाताचा उपकृतही असतो. ही गुंतागुंत हिंदूरावात नाही. तो भयंकर आहे, आणि भयंकर माणसाला लोक मत का देतात याचं उत्तर मग एकच उरतं: भीतीने किंवा अडाणीपणाने.

माझी खरी तक्रार इथे आहे. पडद्यावरच्या पुढाऱ्याला शत्रू असतात, साथीदार असतात, बहुधा एक बाई असते, एक फितूर स्वीय सहायक असतो. मतदारसंघ नसतो. सकाळी सहापासून बंगल्याच्या ओट्यावर बसलेली माणसं नसतात. असलीच तर पार्श्वभूमीला, हात जोडून. खऱ्या आमदाराचा दिवस या ओट्यावर जातो. ट्रान्सफॉर्मर जळालाय, महावितरण आठवडाभर फिरवतंय. टँकरची फेरी आमच्या वस्तीला येत नाही. पोरगी गडचिरोलीला शिक्षिका आहे, जवळ आणा. एप्रिल-मे आला की बदल्यांचा हंगाम. २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, तीन वर्षांची मुदत आहे, आणि त्या कायद्यातल्या पळवाटांसाठीच शिफारसपत्रं लागतात. आमदाराच्या हातात वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. कुठल्या गावाला सभामंडप आणि कुठल्या गावाला पेव्हर ब्लॉक, यावर जितकं डोकं चालतं तितकं मुख्यमंत्री पाडायलाही लागत नसेल. मग लग्नं, मयत, दहावे, साखरपुडे. तिथे गेलं नाही तर पाच वर्षं लक्षात ठेवणारी माणसं असतात.

हे काम चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. जे काम तलाठ्याने, शाखा अभियंत्याने मुकाट करायला हवं ते आमदाराच्या फोनशिवाय होत नाही, ही व्यवस्थेची नामुष्की आहे. पुढाऱ्याला ती नामुष्की सोयीची असते, हेही खरं. पण मत इथे जन्माला येतं. हे न दाखवता राजकारणाची गोष्ट सांगणं म्हणजे ऊस वगळून साखर कारखान्यावर लिहिणं.

सांगोला तालुक्याचं उदाहरण घ्या. एकाच मतदारसंघाने महाराष्ट्राला दोन माणसं दिली, आणि दोन्ही कुठल्या लेखकाला सुचली नसती. पहिले गणपतराव देशमुख. १९६२ मध्ये आमदार झाले आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत एकूण अकरा वेळा निवडून आले, कायम शेतकरी कामगार पक्षातून. पक्ष राज्यभर आटत गेला, गणपतरावआबा तिथेच राहिले. १९७८ आणि १९९९ अशी दोनदा मंत्रिपदं भोगून पुन्हा एसटीत बसले. सहकारी सूतगिरणी चालवली, पाण्याच्या योजनांसाठी दशकानुदशकं भांडले. एखाद्या लेखकाने असं पात्र उभं केलं असतं तर समीक्षकांनी म्हटलं असतं, भाबडेपणा आहे, आदर्शवादाचा पुतळा आहे, खऱ्या राजकारणाशी संबंध नाही.

दुसरे शहाजीबापू पाटील. १९९५ मध्ये त्यांनी याच गणपतरावांना पाडलं होतं. पुढे पराभवांमागून पराभव पचवून २०१९ मध्ये हजाराहून कमी मतांनी पुन्हा निवडून आले. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून त्यांनी कार्यकर्त्याला फोनवर सांगितलं, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. राज्याचं सरकार पडत होतं, पक्षांतरबंदीच्या, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा कीस निघणार होता, आणि त्या बंडाचं अमर झालेलं वाक्य निसर्गवर्णनाचं होतं. कुठल्या पटकथेत बंडखोर आमदार हॉटेलच्या खिडकीबाहेर बघून हरखतो? आपल्या पडद्यावरचे बंडखोर अंधारात बसून व्हिस्की पितात. माणदेशाच्या कोरड्या रानातून आलेल्या माणसाला हिरवा डोंगर बघून खरंच बरं वाटलं असेल, हे आपल्या कल्पनेत येत नाही. लोक त्यावर नाचले, गाणी निघाली, आणि सरकार कसं पडलं हा प्रश्न त्या झाडीत दिसेनासा झाला.

२०२४ मध्ये सांगोल्याने शहाजीबापूंना पाडलं आणि बाबासाहेब देशमुखांना निवडून दिलं. ते गणपतरावांचे नातू. यात आबांच्या पन्नास वर्षांच्या कामाचा वाटा किती, आडनावाचा किती आणि मतविभागणीचा किती, याचा हिशेब मला लावता येत नाही. घराणेशाहीवर तावातावाने बोलणारे आम्ही लोक इथे जरा गडबडतो. तसं गडबडायला लावणारी माणसं मला कादंबरीत हवी आहेत.

यावर कोणी म्हणेल, नाट्य संघर्षातून होतं. टँकरच्या फेऱ्यांवर कोण तिकीट काढेल? हा आक्षेप खरा असता, जर ब्रिटिशांनी १९८० मध्ये 'येस मिनिस्टर' करून दाखवलं नसतं. त्यात खून नाही, बंड नाही, शयनगृह नाही. एक मंत्री, एक सचिव आणि त्यांच्यामध्ये एक फाइल. निर्णय न होऊ देण्याचं शास्त्र त्यांनी इतकं हसत हसत उलगडलं की मार्गारेट थॅचरच त्या मालिकेच्या चाहत्या झाल्या. आपल्याकडे फारुख शेखला घेऊन तिचा हिंदी अवतार आला आणि फारसा रुजला नाही. मराठीत तर सचिव हे पात्रच नाही. मंत्रालयात काम केलेल्या कोणालाही विचारा, 'तपासून सादर करावे' या शेऱ्याने जितके मनसुबे मारले तितके कुठल्या बंडाने मारले नसतील.

आपण त्याऐवजी 'नायक' बघितला. एका दिवसाचा मुख्यमंत्री टंकलेखक सोबत घेऊन फिरतो आणि जागच्या जागी अधिकारी निलंबित करतो. टाळ्या पडतात. खऱ्या महाराष्ट्रात त्यांतले बरेच जण आठवड्याभरात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेले असते, नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळलं नाही म्हणून स्थगिती मिळाली असती, आणि पुढे थकीत वेतनासह रुजू झाले असते. यात मॅटचंही काही चुकलं नसतं. कोणालाही न विचारता घरी पाठवता येत नाही हे आपल्याही भल्याचं आहे. पण तो चित्रपट बघून मोठी झालेली पिढी आज तहसीलदाराला झापणाऱ्या मंत्र्याचा व्हिडिओ पुढे पाठवते आणि म्हणते, असा पाहिजे.

पुढाऱ्यांनाही हे कळतं, आणि ते त्याच भाषेत बोलायला लागतात. त्याची किंमत कोणाला मोजावी लागली? आर. आर. पाटलांना. अंजनीसारख्या लहान गावातून आलेले, ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्ती गावोगाव नेणारे आबा. 'पडद्यावर नसलेला पुढारी' म्हणून मी ज्यांच्याकडे बोट दाखवेन त्यांत ते पहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ते हिंदीत बोलून गेले की बड्या शहरांत असा एखादा हादसा होतो. ते वाक्य एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातल्या संवादाच्या चालीवर बसलं, आणि त्या चालीमुळेच ते असह्य झालं. गृहमंत्रिपद गेलं. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होता. त्यांचंही पद गेलं. राख निवलेली नसताना तिथे चित्रपटवाला दिसावा, हे लोकांना सहन झालं नाही. तेव्हा लोकांना पडदा आणि वास्तव यांतली रेघ पक्की ठाऊक होती, असं म्हणायला जागा आहे.

आज ती रेघ कोण पुसतं आहे? पूर्वी लेखक पुढाऱ्यावरून पात्र बेतायचा आणि पुढारी ते आपण नव्हेच असं म्हणायचा. आता पुढाऱ्याच्या पक्षातून किंवा अंगणातून चित्रपट निघतो. बाळासाहेबांवरचा 'ठाकरे' जानेवारी २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर आला. निर्माते खासदार संजय राऊत. आनंद दिघेंवरचा 'धर्मवीर' १३ मे २०२२ ला लागला, त्यात एकनाथ शिंदे हेही एक पात्र होतं, आणि सव्वा महिन्यात त्या पात्राच्या मूळ माणसाने बंड केलं. दुसरा भाग आला तो २७ सप्टेंबर २०२४ ला, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. 'सामना' आणि 'सिंहासन'ने पुढाऱ्याला नुसता कावेबाज केला, या नव्या चित्रपटांनी त्याला नुसता भक्त केला. मतदारसंघ दोन्हीकडे गैरहजर. दिघे साहेबांच्या ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या दरबाराची दृश्यं आहेत, हे मान्य करायला हवं. पण तिथेही माणसं येतात ती चमत्कार अनुभवायला. तक्रार घेऊन येणारा माणूस परत गेल्यावर काय झालं, हे कोणी दाखवत नाही.

याचं टोक युक्रेनमध्ये बघायला मिळालं. भ्रष्टाचारावर चिडून बोलणारा, अपघाताने राष्ट्राध्यक्ष झालेला इतिहासाचा मास्तर झेलेन्स्कींनी २०१५ पासून मालिकेत साकारला. मालिकेच्याच नावाचा पक्ष निघाला आणि एप्रिल २०१९ मध्ये त्यांना सुमारे ७३ टक्के मतं मिळाली. लोकांनी मत दिलं ते मास्तरला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचे रणगाडे आले तेव्हा जो माणूस कीव्हमध्ये थांबला, तो त्या मालिकेत कुठेच नव्हता. हे नशीब चांगलं निघालं म्हणायचं. पण पात्राला निवडून द्यायचं आणि आतून माणूस कसा निघेल ते दैवावर सोडायचं, ही काही राज्य चालवायची रीत नव्हे.

क्वचित कल्पना वास्तवाच्या पुढेही असते, तेही नोंदवतो. 'सिटी ऑफ ड्रीम्स' या वेब मालिकेने बापाचा वारसा हिसकावून घेणारी महाराष्ट्राची मुख्यमंत्री दाखवली. खऱ्या महाराष्ट्राला १९६० पासून आजवर बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. पण मराठीत भाषण करणारी मुख्यमंत्री बघायला वेब मालिकेचीही गरज नव्हती. १९७३ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७९ पर्यंत राहिल्या. वारसा, बापाचा मोठा पक्ष, शेवटी स्वपक्षातलीच फूट, सगळं त्या गोष्टीत आहे. मराठी पडद्याने सावंतवाडीच्या पलीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, एवढंच.

तर या सगळ्याचा आपल्यावर परिणाम काय? सुशिक्षित मराठी माणूस राजकारणाकडे प्रेक्षक म्हणून बघतो. मास्टरस्ट्रोक, चाणक्य, ट्विस्ट हे शब्द क्रिकेटच्या समालोचनासारखे तोंडी बसलेत. आमदार फुटला की तो विचारतो, आता पुढे काय होणार? ज्याने मत मागितलं एका चिन्हावर आणि मंत्री झाला दुसऱ्या बाजूला, त्याने माझ्या मताचं काय केलं, असं तो विचारत नाही, कारण प्रेक्षकाचं मत नसतंच, तिकीट असतं. आणि फुटलेला आमदार पुन्हा निवडून आला की तो खेड्यातल्या मतदाराला शिव्या घालतो: विकले गेले. ओट्यावरचा तो सगळा व्यवहार, टोळी वेळेवर आली की नाही, छावणीत चारा मिळाला की नाही, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. पैसा वाटला जातो, हे मी नाकारत नाही. पण नुसत्या पैशाने निवडून येता येत असतं तर महाराष्ट्रात एकही बिल्डर पडला नसता.

खरं नाट्य तर आता पडदा जिथे जातच नाही तिथे सरकलं आहे. शिवसेना कोणाची हे कुठल्या बंगल्यावर ठरलं नाही. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं, पण उद्धव ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांना पुन्हा बसवता येत नाही. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका निकाली काढल्या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश फुटीची मुभा होती, २००३ मध्ये ती काढली, दोन तृतीयांश आणि विलीनीकरण उरलं, आणि तेव्हापासून फुटणाऱ्या प्रत्येक गटाला आम्ही फुटलोच नाही, आम्हीच मूळ पक्ष आहोत, असं म्हणणं भाग पडलं. यातली गंमत जिवाजीरावांच्या डोक्यातही आली नसती. पण हे निकालपत्रांत आहे, शेकडो पानांत आहे, आणि ते वाचायला कोणी दिगू टिपणीस बसत नाही.

साधूंच्या वेळी पत्रकाराला कुजबूज हेच साधन होतं. आज २००२-०३ च्या न्यायालयीन निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. पत्नीच्या नावावरची जमीन, तिचा गट क्रमांक, खरेदीचं वर्ष, कोणत्या संस्थेकडून किती कर्ज घेतलंय, सगळं तिथे पुढाऱ्यानेच सही करून लिहिलेलं असतं. एकाच माणसाची चार निवडणुकांची चार शपथपत्रं शेजारी ठेवा. कुठल्या वर्षी शेती वाढली, कुठल्या वर्षी कारखान्याचे शेअर्स आले, कुठला गुन्हा अचानक गळाला. पुढची राजकीय कादंबरी ज्याला लिहायची असेल त्याने तिथून सुरुवात करावी, आणि मग त्याच माणसाच्या ओट्यावर सकाळी सहाला जाऊन बसावं.